दीपाचं कोपर

४ जानेवारी
सकाळी मैदानावर पोरांची नेट प्रॅक्टिस घेत असताना मॅनेजरबाईंचा फोन आला. राज्याच्या महिला संघाबरोबर त्या नागपूरला आहेत. दीपाची ही दुसरी मॅच. पहिल्या मॅचमध्ये चांगली टाकली होती. आज पंचांनी रिपोर्ट दिला. ॲक्शन संशयास्पद. म्हणजे माझी मुलगी बॉल टाकत नाही, फेकते.
मी बरं म्हणालो. रडते आहे का, विचारलं. नाही म्हणाल्या. जेवली का? हो.
मग उरलेली नेट घेतली. पोरांना काय सांगितलं आठवत नाही, पण काहीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी माना डोलावल्या. घरी आलो. नलिनी कपडे वाळत घालत होती. तिला सांगितलं. तिने बादलीतले उरलेले कपडे वाळत घातले. मग म्हणाली, "आता काय करायचं?"


५ जानेवारी
मॅनेजरबाईंनी व्हिडिओ पाठवला. पाहिला. परत पाहिला. गावोगावचे कोच आपल्या पोरांना माझ्याकडे घेऊन येतात, सर, याचा हात बघा म्हणून. मी एका ओव्हरमध्ये सांगतो. मागच्याच महिन्यात मंड्याच्या एका मुलाला सांगितलं.
दीपाच्या व्हिडिओत मला काही दिसत नाही. दीपाच दिसते.

८ जानेवारी
दीपा आली. स्टँडवर आणायला गेलो होतो. किटबॅग मी घेतली. रिक्षात म्हणाली, "अप्पा, बॅट्समनच्या तोंडावरून कळलं मला. पंच स्क्वेअर लेगवरून हलला तेव्हाच." मग आमचा लष्कर मोहल्ला येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. 
नलिनीने चित्रान्न केलं होतं. तिघांनी खाल्लं.

११ जानेवारी
आज स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो, कारण लोक विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगतो.
दीपा नऊ वर्षांची असताना मागच्या अंगणातल्या पेरूवरून पडली. उजवं कोपर. मी हुबळीला मॅचमध्ये होतो. नलिनीने तिला नंजनगूडच्या पुढे एका हाडवैद्याकडे नेलं. तेव्हा सगळेच तिथे जायचे. त्याने लेप लावला, पट्ट्या बांधल्या. हात बरा झाला, पण पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकडाच राहतो.
वाकडा हात असणं गुन्हा नाही. बॉल सोडताना तो वाकडा हात किती उघडतो, ते मोजतात. ठरलेल्या मर्यादेच्या आत उघडला तर बॉल टाकला, बाहेर गेला तर फेकला. डोळ्याने ते दिसत नाही. बेंगळूरला कॅमेऱ्याने टेस्ट होईल.
एवढंच आहे.

२ फेब्रुवारी
टेस्ट. दीपाच्या हातावर चकचकीत गोळ्या चिकटवल्या, खांद्यापासून मनगटापर्यंत. मला आत सोडलं नाही. बाहेर मशीनची कॉफी. शेजारी एका फास्ट बोलरचा बाप बसला होता, चिक्कमगळूरचा. तो बोलत राहिला, मी मान हलवत राहिलो. त्याला वाटलं मी ऐकतोय.
दीपा बाहेर आली तेव्हा गोळ्यांचे लाल ठसे हातावर होते. म्हणाली, "कसा टाकला मलाच कळलं नाही. सगळे बघत होते."

१९ फेब्रुवारी
रिझल्ट आला. मर्यादेच्या थोडं वर. नेहमीचा ऑफब्रेकसुद्धा. मॅचमध्ये बॉल टाकायचा नाही. ॲक्शन सुधारून परत टेस्ट द्यायची, मग बघू.
दीपाने ईमेल वाचला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि अंघोळीला गेली. बराच वेळ नळ चालू होता. नलिनी दारापाशी जाऊन उभी राहिली, परत आली.
मी पेपर वाचत बसलो. आजचा नव्हता, कालचा होता. शेवटच्या पानावर कळलं.

६ मार्च
काम चालू केलं. मनगट सरळ, हात जास्त वरून, रनअप हळू. कोपराला उघडायला वाव द्यायचा नाही. मी सांगेन ते ती करते. तक्रार नाही.
हात ठीक वाटतो. बॉल वळत नाही.

१५ मार्च
बॉल वळत नाही.

२२ मार्च
आज सगळे गेल्यावर दीपा म्हणाली, तुम्ही टाका ना, बघते. टाकला. माझा डावा हात अजून तिथेच जातो. बॉल टप्पा पडून थोडा बाहेर निघाला. बरेच टाकले. ती स्टंपमागे उभी राहून पकडत होती.
मी खेळलो ते सगळे सीझन तिसरा स्पिनर म्हणून. वळणारं पीच असलं की संघात, नसलं की पाणी घेऊन जायला. संघात असलो तरी काम ठरलेलं, एका टोकाने दिवसभर टाकत राहायचं, धावा द्यायच्या नाहीत. विकेट दुसऱ्या टोकाने पडायच्या. माझी तक्रार नव्हती. कुणीतरी ते टोक धरायलाच हवं होतं. स्कोअरकार्डावर नाव वाय. राव. मोहिते कुणी लिहिलं नाही. म्हैसूरच्या मराठ्यांना आजोबांच्या वेळेपासून सगळे राव म्हणूनच ओळखतात.
शेवटच्या वर्षी मला काढलं ते पेपरात वाचलं. बँकेत टेबलावर कुणीतरी पेपर ठेवला होता, संघाच्या बातमीवर चष्मा ठेवून. त्याने मुद्दाम ठेवला होता की सुम्ने, उगीचच विसरला होता, अजून माहीत नाही.
दीपाला हे सगळं माहीत आहे. तरी तिने परत विचारलं आणि मी परत सांगितलं. मग ती म्हणाली, "तुमचा वळतो, अप्पा. माझा का वळत नाही?"

९ एप्रिल
जेवताना नलिनी एकदम म्हणाली, "मीच नेलं होतं तिला."
कुठे ते कुणी विचारलं नाही. दीपाने हात थांबवला.
"डॉक्टर प्लास्टर घालणार म्हणाले होते. शेजारच्या सावित्रम्मा म्हणाल्या, प्लास्टरने मुलीचा हात बारीक राहतो. मी तिथून उठवून नेलं."
दीपा म्हणाली, "आई, ते सोड ना. हाताने सगळं होतं माझ्या."
मी काहीतरी बोलायला हवं होतं. नलिनी माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच सुचलं, की सार चांगलं झालंय. तेही बोललो नाही.
नंतर ती भांडी घासायला बसली. मी जाऊन पुसायला घेतली. कधी घेत नाही. तिने घेऊ दिली.

४ मे
उन्हाळी शिबिर. बन्नूरहून एक मुलगी आली आहे, काव्या. पहिल्या दिवशी आई बरोबर होती, साडीला अजून शेतातला चिखल. आता एकटी बसने येते. उसाच्या ट्रॅक्टरमधून हायवेपर्यंत, पुढे बस. एकोणीसची आहे म्हणाली.
ऑफस्पिन. पहिला बॉल टाकला आणि मी दीपाकडे बघितलं. तीच छोटी उडी, तोच डावा हात छातीशी, तसाच चेहरा. टीव्हीवर दीपाची एकच मॅच दाखवली होती, ती मोबाइलवर बघून शिकली. आमच्याइथे येण्याआधीच.
हात मात्र सरळ. बॉल भरपूर वळतो.
दीपाने तिला विचारलं, किती वेळा बघितलीस ती मॅच? काव्या लाजली. म्हणाली, तेवढीच तर होती, अक्का.

१७ मे
दीपा काव्याला शिकवते. मी सांगितलं नव्हतं. बॉल कसा धरायचा, कुठल्या बोटाने सोडायचा. मी लांबून बघतो. दीपा सांगते तेव्हा हातवारे करते, जुन्याच ॲक्शनचे. स्वतः टाकायला गेली की नवी ॲक्शन, कडक, मोजून मापून.
तिला ते कळतं की नाही, कळत नाही.

२१ जून
लोकल मॅच. आपल्याच शहरातली, म्हणून बंदी लागू नाही. दीपाला बॉल दिला. नव्या ॲक्शनने टाकला. एका शाळेतल्या मुलीने तिला झोडपलं. सरळ बॉल, उभ्या उभ्या मारला. एकदा बॉल भिंतीबाहेर गेला, तो आणायला दीपा स्वतः गेली. परत यायला वेळ लागला. कॅप्टन तिच्याकडे न बघता दुसरीला बॉल देऊन मोकळी झाली.
काव्याच्या बॉलिंगवर विकेट पडल्या.
घरी येताना दीपा बाइकवर मागे बसली होती. हात माझ्या खांद्यावर नव्हते, नेहमी असतात. सिटी बस स्टँडपाशी सिग्नलला म्हणाली, "मला बॅट्समनसारखं वाटतं, अप्पा. बॉल टाकणारी दुसरीच कुणीतरी."

१२ जुलै
मूर्तीचा फोन. माझ्या वेळचा विकेटकीपर, आता निवड समितीचा प्रमुख. माझ्या बॉलिंगवर त्याने किती कॅच धरले, किती सोडले, दोघांनाही माहीत आहे. सीझनआधीचं शिबिर लागतंय. म्हैसूर विभागातून ऑफस्पिनर एकच घ्यायची. कोण तयार आहे?
आधी दीपाचं विचारलं त्याने. मग म्हणाला, "यशवंता, बाप म्हणून बोलू नको."
मी म्हणालो, काव्या.
एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर चहा घेतला. मला काहीच होत नव्हतं.

१३ जुलै
मला पेपरातून कळलं होतं. तिला माझ्या तोंडून कळू दे, असं ठरवलं. संध्याकाळी अंगणात बसली होती, बूट घासत. शेजारी बसलो. सांगितलं.
ती घासत राहिली. राग आला की दीपाची मराठी संपते. कन्नडमध्ये म्हणाली, पेपरात वाचलं असतं तर बरं झालं असतं.
मग बूट तिथेच टाकून आत गेली. मी ते उचलून पायरीवर ठेवले. एकाला पॉलिश झालं होतं, एकाला नाही.

१६ जुलै
दीपा इथल्याच विजयनगरला दादाकडे राहायला गेली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वहिनी म्हणाल्या, राहू दे काही दिवस, आमचीही मुलगीच आहे ती. नलिनीने डबा भरून दिला. मला म्हणाली, "तुम्ही जाऊ नका आता मागे. तिला बोलावलं तर चिडेल."
मी जाणारच नव्हतो. म्हणजे जायचं सुचलंच नव्हतं.

२ ऑगस्ट
काव्या शिबिरातून रविवारी येते, मी नेट घेतो. सगळं बरोबर शिकते. बॉल सोडताना तिच्या तोंडातून बारीक आवाज निघतो. मी तिच्यावर पुरेपूर कष्ट घेतोय. कुणी म्हणू नये की कमी घेतले. मी स्वतःही म्हणू नये.
तिने विचारलं, सर, अक्का माझ्यावर रागावली आहे का? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग तुमच्यावर? मी म्हणालो, ग्रिप दाखव.

११ ऑगस्ट
दादाचा फोन. दीपाला कडकोळच्या एका कारखान्यात ऑफिसात काम लागलंय. अकाउंट्स. बसने जाते येते. खूश आहे का, विचारलं. दादा म्हणाला, खूश काय, जेवते नीट.

२० ऑगस्ट
नलिनी आणि मी. टीव्हीवर मॅच होती, ऑस्ट्रेलियात कुठेतरी. स्पिनर बॉलिंगला आला तसा तिने आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं. शेवटपर्यंत तसंच बघितलं. कोण जिंकलं लक्षात नाही.
तिने विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?" काही नाही म्हणालो. खरंच काही नव्हतं. जेवण, नेट, झोप, सगळं वेळेवर होतंय.

३ सप्टेंबर
नलिनी फोनवर दीपाशी रोज बोलते. माझ्यासमोर नाही, गच्चीवर जाऊन. आज खाली आली आणि म्हणाली, दीपा परत टेस्ट द्यायचं म्हणते. मी म्हणालो, ॲक्शन कुठे तयार आहे? ती म्हणाली, तिलाच विचारा.
नाही विचारलं.

९ सप्टेंबर
दादा आला होता. चहा पिताना सांगितलं. कडकोळला कारखान्याला लागून एक मैदान आहे, कामगारांच्या मॅचेससाठी मॅट घातलेली. दीपा जेवणाच्या सुट्टीत तिथे जाते. एक फिटर आणि एक वॉचमन तिला बॅटिंग करून देतात. रोज. पावसातही, मॅट ओली असली तरी.
"यशवंता, तुला वाटलं ती अकाउंट्स करायला गेली," दादा म्हणाला.
मला तसंच वाटलं होतं.

११ सप्टेंबर
कडकोळला गेलो. नंजनगूड रोडची बस. मैदानाच्या कुंपणापलीकडे चहाची गाडी आहे, तिथे उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, शिफ्टचा भोंगा वाजला. दीपा आली. सलवार-कमीजवर बूट. ओढणी बॅगेवर टाकली. फिटर पॅड न बांधता आला, बहुधा घाईत.
मी शिकवलेली नवी ॲक्शन ती वापरत नाही. जुनीही नाही. हात जुन्यापेक्षा खाली, कानाशी नाही, जवळजवळ खांद्याच्या बाजूने. बॉल वर उचलते, हळू, खूप हळू. वळत नाही फारसा. पण तो फिटर पुढे येतो आणि बॉल त्याच्याआधी खाली येतो. तो परत परत चुकत होता आणि हसत होता.
एवढ्या लांबून कोपर दिसेना. कोपर आहे तिथेच बघत राहिलो. वाकडं असेल, सरळ असेल. चहावाल्याने विचारलं, मुलगी तुमची का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, रोज येते, छान टाकते.
भोंगा परत वाजला. ती गेली. मी तिला हाक मारली नाही. चहा संपला होता.

२५ सप्टेंबर
टेस्ट. दीपाने नलिनीला सांगितलं, अप्पांना नको, तू चल. दोघी सकाळच्या बसने बेंगळूरला गेल्या. मी नेट घेतली. पोरांना दसऱ्याची घाई. पुढच्या आठवड्यापासून मैदानावर दुकानं लागणार, आपल्याला सुट्टी.
नलिनीचा फोन दुपारी. टाकून झालं. हिच्या हातावर गोळ्या चिकटवल्या म्हणाली, आजीच्या बांगड्या होत्या तशा.  मग म्हणाली, "आत सोडलं नाही, पण काचेतून दिसत होतं. बरी टाकत होती हो."
बरी म्हणजे काय, तिला विचारायचं होतं. तिला क्रिकेट कळत नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आलो.

१४ ऑक्टोबर
रिझल्ट. मर्यादेत. टाकू शकते.
दीपाने घरी येऊन सांगितलं. पहिल्यांदाच आली एवढ्या दिवसांत. नलिनीने तिला जवळ घेतलं. मी उभा होतो. दीपा म्हणाली, "बघा अप्पा, पास झाले." मी म्हणालो, चांगलं झालं. मला आणखी काही म्हणायचं होतं.
रात्रीच्या जेवणाला थांबली. झोपायला विजयनगरलाच गेली.

१९ ऑक्टोबर
तिने कारखान्याची नोकरी सोडलेली नाही. संध्याकाळी नेटला येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिच्या ॲक्शनबद्दल काही बोलत नाही. काय बोलू? माझी नाही ती.
काव्याने पहिल्या दिवशी तिला बघून धावत येऊन मिठी मारली. दीपाने तिचे केस विस्कटले. नंतर दोघी एकाच नेटमध्ये, आळीपाळीने टाकत होत्या.

२ नोव्हेंबर
काव्याने सराव सामन्यात चांगली बॉलिंग टाकली. मूर्तीने फोन करून सांगितलं, तुझी बन्नूरवाली जबरदस्त आहे. मी थँक्स म्हणालो. मग त्याने विचारलं, दीपा पण मोकळी झाली ना? हो. टाकते कशी? बरी, म्हणालो. नलिनीचाच शब्द.

१० नोव्हेंबर
दीपाला एका कामगार संघाच्या मॅचमध्ये बघितलं. पुरुषांची टीम, ही एकटी मुलगी. त्यांनी तिला पहिल्यांदा हसून बॉल दिला. मग हसले नाहीत. शेवटी बॅट्समन पुढे येईनासे झाले, क्रीझमध्येच बसून राहिले. मग तिने वेग वाढवला, बॉल पॅडवर लागला, अपील केलं. पंच म्हणजे त्यांचाच सुपरवायझर, तो नाही म्हणाला. दीपा हसली.
तिला हसताना शेवटचं कधी बघितलं होतं, आठवायचा प्रयत्न केला.

१३ नोव्हेंबर
मूर्तीचा फोन. सीझन सुरू होतोय. पहिल्या मॅचसाठी एकच ऑफस्पिनर नेणार. काव्या की दीपा? म्हैसूरच्या दोघी, तूच दोघींना बघतोस. परवा सकाळी सांग, संध्याकाळी संघ जाहीर करायचा आहे.
या वेळी बाप म्हणून बोलू नको, असं म्हणाला नाही तो. गंमत वाटली. गंमत नाही, काय ते.
काव्याचा बॉल जास्त वळतो. दीपाचा वळत नाही, पण बॅट्समनला तो कुठे पडणार हे कळत नाही. एका पीचवर काव्या, एका पीचवर दीपा. मॅच होणार त्या पीचचं कुणी सांगेल तर…
नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, "माझं ऐकाल का? दीपाला विचारू नका आणि तिला सांगूही नका."

१४ नोव्हेंबर
नेटवर काव्या बस पकडायला लवकर गेली. बाकीचे पण पांगले. दीपा बॉल बॅगेत भरत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "अप्पा, पॅड बांधा."
मी म्हणालो, चष्मा आहे, गुडघे आहेत.
"हेल्मेट घाला मग."
एका मुलाचं किट होतं. पॅड आखूड. बांधले. कधीपासून बॅट धरली नव्हती. तिने मार्क घेतला. वळली. आली.
पहिले बॉल सरळ आले, मी पुढे जाऊन खेळलो. तिचं कोपर आता समोरून दिसत होतं, एवढ्या जवळून. बॉल हातातून सुटला तरी मी कोपराकडेच बघत होतो, म्हणून बॉल कुठे गेला कळलं नाही. स्टंपला लागला. तिने बॉल घेतला, परत गेली.
मग मी बॉलकडे बघायचं ठरवलं. तिने हात खांद्याच्या बाजूने आणला, बॉल वर उचलला. मी पुढे गेलो, जसा तो फिटर जायचा. बॉल माझ्याआधी खाली आला, टप्प्यावरून उसळला, ग्लोव्हमधल्या अंगठ्यावर लागला आणि तिच्याकडे उडाला. तिने पकडला.
"आता सांगा," ती म्हणाली. "मूर्ती अंकलना काय सांगणार, ते नको. बॉल कसा होता ते सांगा." मूर्तीच्या फोनचं तिला कुठून कळलं, कुणास ठाऊक.
मी ग्लोव्ह काढला. अंगठा बघितला. परत घातला. मग स्टान्स घेतला.
"परत टाक," म्हणालो.
ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मार्कवर गेली. टाकत राहिली. अंधार पडला, बॉल दिसेनासा झाला, तरी कुणी बस म्हणालं नाही. मग वॉचमन गेट लावायला आला.
घरी आली माझ्याबरोबर, बाइकवर. हात खांद्यावर.
उद्या सकाळी मूर्तीचा फोन येईल. काय सांगायचं ते अजून
अंगठा सुजला आहे, पेन नीट धरता येत नाही. नलिनीने फडक्यात बर्फ आणून दिला. दुखतंय का, विचारलं.
हो म्हणालो. खूप.